उथळ रेघ

३ जून, सोमवार

चाळीस पोरांचा एक सूर. शेवटचा तास, खिडकीतून तिरपं ऊन, खडूची धूळ, आणि पोरं कविता म्हणताहेत, सगळी एका दमात. चरण संपून वर्ग गप्प झाला की मागच्या बाकावरून एकाच पोराचं शेवटचं अक्षर उशिरा यायचं, जिन्यावरून मागे राहिलेल्या चेंडूसारखं. टप्. वर्ग हसायचा. त्या पोराचं नाव मीच ठेवलं, अर्धमात्रा. रागावला नाही कधी. उलट वह्यांवर तेच नाव लिहायचा.

आज गाडीत बसल्यापासून तोच सूर कानात होता. उतरलो तर फलाटावर अर्धमात्रा स्वतः उभा! कानांजवळ पांढरे केस, सुटलेलं पोट, अंगात उंची कोट. माझी बॅग हातातून ओढून घेतली आणि म्हणाला, सर, वर्गात तुम्ही माझ्या हातून खडूचा डबा उचलून घेतला होतात, आज फिटंफाट.

तो आता मोठा डॉक्टर आहे. माणसाचा मेंदू आवाजाला काय उत्तर देतो, हे शोधण्याची त्याची संस्था आहे. दोन मजले, पुढे नीट कापलेलं कुंपण, मागे रोग्यांची बैठी इमारत. मला वरच्या मजल्यावर खोली दिली आहे. टेबल, दिवा, चहाची किटली, आणि खिडकीला लागून एक झाड, ज्याचं नाव मला ठाऊक नाही. विचारणारही नाही. काही दिवस अनोळखीच राहू दे.

ही गेल्यापासून चार वर्षं मी रविवारी मुलाशी फोनवर बोलतो, एरवी भिंतींशी. त्यात अर्धमात्राचं पत्र आलं. हलकं काम आहे, सर, नुसतं पोरांसोबत बसायचं. दोनच प्रश्न विचारले होते, वय किती आणि कानांनी नीट ऐकू येतं ना. मी कळवलं, चौऱ्याहत्तर, आणि ऐकू सगळं येतं, ऐकत मात्र सगळं नाही.

ही वही मुद्दाम नवी घेतली. म्हाताऱ्याला शाळेचा पहिला दिवस पुन्हा मिळाला, तो कोऱ्या पानावर नको का लिहायला?

५ जून, बुधवार

काम समजलं. तळमजल्यावर एक खोली आहे, तिला दोन दारं, एकामागे एक. भिंतींना राखाडी, मऊ, टोकदार गाद्या. आत बोललेला शब्द पायाशीच पडतो. मी उगाच एक ओळ म्हणून पाहिली. प्रतिध्वनी नसला की कविता किती गरीब वाटते!

आलेल्या पोराला खुर्चीत बसवतात, डोक्यावर तारांची टोपी चढवतात, प्रत्येक तारेखाली थंडगार चिकट मलम. समोर मासे पोहत असलेला मुका चित्रपट. कानात आवाज चालू होतात. टुक, टुक, टुक, टुक, टुक, मधेच एखादा टिक, पुन्हा टुक टुक. पोरानं आवाजांकडे लक्ष द्यायचं नाही, मासे बघायचे. मी कोपऱ्यातल्या खुर्चीत बसतो, म्हणजे त्या बंद खोलीत पोर घाबरत नाही.

अर्धमात्रानं खास माझ्या भाषेत समजावलं. म्हणाला, सर, वृत्त चाललेलं असतं आणि मधेच एक मात्रा बदलते. माणूस ऐको न ऐको, त्याचा मेंदू दचकतो. एका दचकण्यानं काही दिसत नाही, म्हणून दीड हजार आवाजांची बेरीज करायची. मग बाकीची गडबड आपसात जिरते, आणि कागदावर रेघेला एक खड्डा पडतो. निरोगी तरुणाचा खड्डा खोल. पण ज्याच्या डोक्यात तो आजार नुकता शिरतो आहे, ज्यात पुढे माणसाला नसलेले आवाज ऐकू येतात, आपल्यावर पाळत आहे असं वाटतं, त्याची रेघ उथळ. तो मेंदू दचकायचा थांबलेला असतो.

दुसरीकडे नुसत्या रेघेवरून कोणी औषध सुरू करत नाही म्हणे. हा करतो. आजार उंबऱ्यावर असतानाच धरायचा, हे त्याचं नऊ वर्षांचं स्वप्न. बोलताना त्याचे डोळे असे चमकत होते, की मला मागचा बाक दिसला.

१० जून, सोमवार

टोपी चढवण्याचं काम एक बाई करतात. पन्नाशीच्या, हात जड, जीभ हलकी. मी त्यांना टोपीवाल्या बाई म्हणतो, त्या मला काका. पहिल्याच दिवशी माझ्या डोक्याकडे बघून म्हणाल्या, काका, तुमच्यासाठी मलम वाचणार बघा, अडवायला केसच नाहीत.

रोज पोर येण्याआधी तारा नीट लागल्या आहेत ना हे बघायला टोपी आधी माझ्या डोक्यावर चढते. मी मासे बघतो, टुक टुक टिक ऐकतो, नाही, ऐकत नाही. मग टोपी पुसून पोराला.

आज बाईंची बोलणी खाल्ली. माझा जबडा हलतो. काय करू? एका तालात आवाज चालू झाले की माझं मन आपोआप वृत्त धरतं. अठराव्या वर्षी लिहिलेली, दुसरी ओळ कधीच न सापडलेली माझी एक ओळ आहे, नदीच्या किनारी जुने एक गाणे. भुजंगप्रयात वृत्त, एक लघु दोन गुरू, असं चार वेळा. लगागा लगागा लगागा लगागा. तीच मनात घोळते, आणि दात एकमेकांना लागतात. बाई म्हणाल्या, काका, दात चावले की रेघेला काटे फुटतात, सगळं रान होतं. मी कान पकडले. दुपारी पुन्हा तेच. म्हाताऱ्या घोड्याला चाल कोण विसरायला लावणार?

१४ जून, शुक्रवार

आज बेकरीवाली आली. बावीस वर्षांची. केकवर साखरेच्या शाईनं नावं लिहिते. हातात इतकं वळण आहे, की माझ्या वहीच्या कोपऱ्यावर तिनं सहज 'आजोबा' लिहिलं आणि माझं अक्षर लाजलं.

तिचा दादा तिला घेऊन आला. महिनाभर झोप कमी, काम करताना एकटीच बोलते, शेजारी आपल्याविषयी बोलतात असं म्हणते. ती मला हळूच म्हणाली, आजोबा, शेजारी बोलतातच माझ्याविषयी, वहिनीच पुरवते ना त्यांना. आणि एकटीच बोलण्याचं कारण असं, की एकदा लग्नाच्या केकवर हिनं नवरीऐवजी नवऱ्याच्या आधीच्या मैत्रिणीचं नाव लिहिलं. ऑर्डर घेणाऱ्यानंच चूक केली होती, पण मार हिला बसला. तेव्हापासून प्रत्येक अक्षर मोठ्यानं म्हणत लिहिते. मी इतका हसलो, की बाईंनी काचेवर टकटक केली.

टोपी चढताना खुर्चीचे हात घट्ट धरून बसली होती. म्हणाली, रेघ बरी आली तर सोमवारी कामावर जाईन, नाही तर मालक दुसरी मुलगी घेणार. मी म्हटलं, पोरी, तू मासे बघ.

मासे बघता बघता ती त्यांना नावं ठेवत होती, ओठ न हलवता. मला नंतर सांगितली. सगळ्यात जाड्या माशाचं नाव वहिनी.

२४ जून, सोमवार

तिची रेघ उथळ निघाली.

दादानं सही केली. ती आता मागच्या इमारतीत राहते, सकाळ-संध्याकाळ गोळी. तुम्ही शेजारीच बसला होतात ना आजोबा, म्हणाली, माझं काय चुकलं? यात बरोबर-चूक नसतं, मी म्हटलं. परीक्षेत नापास झालेल्या पोरांना हेच सांगायचो. तेव्हाही त्यांना खरं वाटायचं नाही.

अर्धमात्रा संध्याकाळी माझ्या खोलीत चहाला आला. या महिन्यात ही चौथी उथळ रेघ. म्हणाला, सर, तुम्ही आलात आणि काम मार्गी लागलं. मला अभिमान वाटला. लिहून ठेवतो. वाटला.

२ जुलै, मंगळवार

आज अक्षर मुद्दाम नीट काढतो.

दुपारी बाई टेबलावर बेकरीवालीची मूळ रेघ पसरून बसल्या होत्या, बेरजेआधीची, लांबच लांब. काट्यांच्या जागांवर खुणा करत कुरकुरत होत्या, काय पोरगी आहे, सारखे दात चावते. मी चष्मा पुसून वाकलो. काटे होते खरे. एक बारीक, दोन जाड. एक बारीक, दोन जाड. एक बारीक, दोन जाड. एक बारीक, दोन जाड. मग श्वासाएवढी मोकळी जागा. मग पुन्हा.

लगागा लगागा लगागा लगागा.

बावीस वर्षांची, शाळेत कवितेच्या तासाला झोपणारी ही पोरगी (तिनंच सांगितलं होतं) तारांची टोपी घालून भुजंगप्रयात म्हणेल? ती तर माशांना नावं ठेवत होती, आणि तेही जबडा न हलवता. ही माझी रेघ आहे. माझी नदी, माझा किनारा. वहीच्या कोपऱ्यावरची आपली सही ओळखावी तशी ओळखली.

बाईंना मी एवढंच विचारलं, की माझी रेघ कशी दिसते. त्या हसल्या. काका, वय झालं की खड्डा बुजतोच, तुमची केव्हाची उथळ, ती कुठे ठेवतो आपण, ती तर नुसती तारांची चाचणी. पोरांच्या फायली त्या ठेवत नाहीत. रोज संध्याकाळी डॉक्टर स्वतः लावतात.

म्हणजे पोरीच्या क्रमांकाखाली एका म्हाताऱ्याची रेघ गेली. आणि पोरगी गोळ्या खाते आहे.

३ जुलै, बुधवार

सकाळीच अर्धमात्राला गाठलं. ऐकून खुर्चीत बसला, दोन्ही हातांनी डोकं धरलं. म्हणाला, सर, चाचणीची फाइल तिच्याच क्रमांकानं बंद झाली असणार, भयंकर चूक, मी शोधतो, पुन्हा तपासतो, आठवड्यात निस्तरतो. फक्त तोवर कोणाला सांगू नका. गोळी एकदम बंद केली तर त्रास होईल. पोरीला सांगितलं तर ती घाबरेल, आणि दादा संस्थेवर दगड मारायला येईल. माझा हात हातात घेऊन म्हणाला, तुम्हीच शिकवलंत ना सर, खोडायचं तर नीट खोडावं, पान फाडू नये.

मी असं कधी शिकवलं होतं ते आठवत नाही. पण शिकवलं असेन. शब्द दिला.

११ जुलै, गुरुवार

आठवडा उलटला. तो भेटला की म्हणतो, चाललंय सर.

बेकरीवाली बागेत बाकावर बसते. दादानं तिला साखरेच्या शाईचा कोन आणून दिला, सराव राहावा म्हणून. कागदावर स्वतःचं नाव लिहायला गेली आणि अक्षराची शेपटी लटपटत खाली घसरली. तिनं कागद चुरगाळला. मला म्हणाली, आजोबा, हात माझा नाही राहिला. जीभही जड. विनोद करायला गेली, वाक्य अर्ध्यात विसरली. बेकरीत दुसरी मुलगी आली आहे.

मी शेजारी बसून होतो. माहीत होतं. बोललो नाही. अर्धमात्राला दिलेला शब्द आठवत होतो.

जेवणघरात मागे स्टीलची परात पडली. सगळे दचकले, एका पोराच्या हातून पाणी सांडलं. मी तसाच घास चावत होतो. आवाज ऐकला, नीट ऐकला. दचकलो नाही. बाई बघत होत्या. गमतीनं म्हणाल्या, काका, तुम्ही तर दगड झालात. मला गंमत वाटली नाही.

१८ जुलै, गुरुवार

बाईंनी कपाटातून चिकटपट्टी आणायला पाठवलं. खालच्या खणात सात फायली. माझ्या येण्यानंतरची सात पोरं, सातही जणांच्या शेजारी मी बसलो होतो, सातही उथळ, सातही मागच्या इमारतीत.

पहिली उघडली. एक बारीक, दोन जाड.

दुसरी. तेच.

तिसरी, चौथी. सातव्यापर्यंत बघितलं. एका क्रमांकाची चूक एकदा होते. सात वेळा चूक होत नाही.

नऊ वर्षांचं स्वप्न, आणि पोरांच्या रेघा खोल निघत असणार. मग उथळ रेघ हवी. ती कुठून आणायची? वय किती, कानांनी नीट ऐकू येतं ना.

पत्र उघडून पुन्हा वाचलं. अक्षर अजून माझ्यासारखंच काढतो. मीच गिरवून घेतलेलं.

चिकटपट्टी न घेताच परत आलो.

२३ जुलै, मंगळवार

गेलो त्याच्याकडे. दार लावून घेतलं. सगळं बोललो. मी ओरडलो, चाळीस वर्षांत वर्गात ओरडलो नव्हतो इतका.

त्यानं नाकारलं नाही. चहा मागवला. म्हणाला, पोरांना आजार होणारच होता सर, यंत्र अजून पुरतं तीक्ष्ण नाही एवढंच, तुमच्या रेघेनं मी फक्त वेळ विकत घेतला. मी म्हटलं, मी बाहेर सांगणार. तो म्हणाला, काय सांगणार? जरा मोठ्यानं म्हणून बघा सर, तुम्हीच सांगायचात ना, वाक्य म्हणून बघितल्याशिवाय लिहू नये.

म्हणालो. या सात पोरांच्या मेंदूंच्या रेघा माझ्या आहेत. सातही जणांच्या डोक्यात मी आहे.

खोलीत ते वाक्य पायाशी पडलं नाही. तिथेच लोंबत राहिलं.

तो हळू म्हणाला, आणि पुरावा काय, तर त्या रेघेत तुम्हाला तुमची कविता दिसते. बरोबर? कोणत्या डॉक्टरला हे वाक्य ऐकवाल, सर? आणि समजा एखाद्यानं मानलं, की रेघ तुमची. मग सात वेळा उथळ आलेला मेंदू तुमचा. त्या माणसाची साक्ष कोण धरेल?

कसा बोलत होता! शांत. एक अक्षर उशिरा नाही.

म्हाताऱ्यांची उथळच असते, मी म्हटलं, बाई सांगतात. तो हसला. बाईंची नोकरी कोणाच्या हातात आहे, हे त्यानं सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

मी निघताना तो म्हणाला, की त्या पोरीची एवढी कणव असेल तर ही रेघ माझी आहे असं लेखी द्या, तिची पुन्हा तपासणी करतो, सोडतो.

दिलं. दोन ओळी, सही, तारीख. पोरगी सुटेल. एवढं एक तरी.

लिहून झाल्यावर कळलं, तो कागद माझ्याच नावाच्या नव्या फाइलीत जाणार.

२४ जुलै, बुधवार

बागेत बेकरीवालीला सगळं सांगितलं. गोळी गिळू नकोस, दादाला बोलाव, दुसऱ्या डॉक्टरकडे जा. तिनं एकच विचारलं. आजोबा, तुम्हाला हे कधी कळलं?

मी म्हटलं, काल.

का म्हटलं असं? तोंडातून निघून गेलं. बावीस दिवस झाले, हे कसं सांगू? बावीस दिवसांत चव्वेचाळीस गोळ्या. मी गणित कधी शिकवलं नाही, तरी ही बेरीज येते.

तिनं माझा हात दाबला. म्हणाली, तुम्ही आहात म्हणून. बस, एवढंच.

२६ जुलै, शुक्रवार

मुलाला फोन केला. ये, मला घेऊन जा. तो म्हणाला, बाबा, डॉक्टरसाहेबांचे दोन फोन आले होते. म्हणाले, तुम्हाला सगळ्यांच्या रेघांत कविता दिसते. हे खरं आहे का, बाबा?

मी म्हटलं, खरं आहे, पण तसं नाही.

त्यानं सुस्कारा सोडला. तो सुस्कारा मी ओळखतो. तो आजारी असताना त्याची आई तसाच सोडायची.

गुरुवारी येतो म्हणाला. आणि तोवर डॉक्टर म्हणतील तसं वागा म्हणाला. माझा मुलगा.

२८ जुलै, रविवार

सामान खाली, मागच्या इमारतीत आणलं. जिने चढवत नाहीत ना सर, तुमच्या सोयीसाठी, अर्धमात्रा म्हणाला. खोली बरी आहे. खिडकी उंच. दाराला आतून मूठ नाही.

बॅग त्यानंच उचलली. पुन्हा.

सकाळ-संध्याकाळ गोळी. जिभेखाली धरतो, मग थुंकतो. कधी कधी विसरतो. विसरलो की दुपार लोण्यासारखी होते.

भिंतीपलीकडे टुक टुक टुक. तपासणीची खोली लांब आहे. तिला दोन दारं आहेत. इथे ऐकू यायला नको.

येतंय.

२९ जुलै, सोमवार

टिक येत नाही. दिवसभर ऐकतो आहे. टुक टुक टुक. वेगळा असा एकही नाही. की येतो आणि मलाच —

दार आपटून बघितलं. पेला फेकून बघितला. दचकावं म्हणून. पेला फुटला. मी बघत राहिलो, कोणा दुसऱ्याचा फुटल्यासारखा.

तो खोटं बोलता बोलता खरं बोलला असेल तर?

नाही. वही आहे. दोन जुलैचं पान आहे. तेव्हा मी शुद्धीत होतो. एक बारीक, दोन जाड. हे मी पाहिलं आहे. हे लिहिलेलं आहे.

३० जुलै, मंगळवार

बाई दाराशी आल्या. फटीतून बोलल्या, घाईत. काका, पोरीची पुन्हा तपासणी झाली, हा एवढा खोल खड्डा. गोळ्या बंद. सुटली ती. मग म्हणाल्या, काका, मला दोन लेकरं आहेत, माफ करा. गेल्या.

सुटली! मी भिंतीला टेकून हसलो. मोठ्यानं. किती दिवसांनी.

एक ओळ तरी पुरी झाली.

३१ जुलै, बुधवार

तो आला होता. खुर्ची ओढून बसला. पोरीनं विचारलं म्हणाला, सरांना कधी कळलं. मी खरं सांगितलं, सर. खोटं कशाला बोलू? सांगितलं, दोन तारखेला. सांगितलं, ते रोजनिशी लिहितात, तारखेसकट.

सांगताना त्याला वाईट वाटत होतं. खरंच वाटत होतं. तेच सगळ्यात —

तो गेल्यावर पान काढलं. दोन जुलै. फाडावं. फाडलं तर पोरीशी मी खोटं बोललो हे जाईल. आणि ती रेघ माझी होती हे खरंही जाईल. दोन्ही एकाच पानावर. पाठपोट.

तीन जुलैही. अकरा जुलैही. माहीत होतं, बोललो नाही. माझ्याच अक्षरात. सुंदर अक्षरात.

फाडलं नाही. हात पानावर ठेवून बसलो. टुक टुक टुक.

१ ऑगस्ट, गुरुवार

मुलगा येणार. दाढी केली. वही कोटाच्या आत. त्याला वाचायला देईन. पहिल्या पानापासून. कळेल त्याला. मराठी मीच शिकवलंय त्याला.

सहा पोरं अजून मागे आहेत. तेही सांगायचं. विसरायचं नाही —

दुपार. अजून नाही.

पावलं. हलकी. मुलाची नव्हेत. बाहेरून मूठ फिरते आहे —

ती.

बेकरीवाली. अंगात बाईंचा निळा कोट, लांब होतो आहे तिला. गळ्यात किल्ल्या. माझी जागा दिली म्हणते तिला. पोरांसोबत बसायची. बेकरी गेलीच होती ना, आजोबा.

मुलाचा फोन आला होता म्हणते. तो येत नाही. त्यानं सही पाठवली.

मी लिहितो आहे. ती उभी आहे. ओरडत नाही. ओरडली असती तर —

सहा पोरांचं सांगतो तिला. पोरी, वही घे, तू सुटलीस तशी ती सहाही सुटायला हवीत — ती ऐकत नाही. हात पुढे केलाय. हात अजून थोडा थरथरतो.

वाचायची नाही म्हणते वही. एकच पान. दुसरं काही नको. फक्त तारीख बघायचीय, आजोबा, तुमच्या हातची, मग मी ठरवते वही दादाला द्यायची की डॉक्टरांना —

पान काढतो आहे. पोरी, त्या दिवशी मी